डावी बाजू, उजवी बाजू

अ‍ॅक्च्युअरीच्या (म्हणजे विम्यातील जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा देणाऱ्या माणसाची पहिली अडचण अशी की, आपण नेमके काय शिकतो हे त्याला घरच्यांना सांगता येत नाही. आई शेजारीपाजारी ‘विम्याच्या परीक्षा देतो’ असे सांगते. त्यामुळे सोसायटीतील निम्मे लोक मला एजंट समजतात आणि जिन्यात दिसलो की मोबाइल कानाला लावतात. दुसरी अडचण वार्षिकीची, म्हणजे दर वर्षी ठरावीक मिळणाऱ्या रकमेची. दर वर्षअखेरीस एक रुपया याप्रमाणे ‘न’ वर्षे मिळणाऱ्या पैशांचे आजचे मोल म्हणजे ‘अ’, आणि तेच रुपये व्याजासह साठवत गेल्यास शेवटी हाती येणारी रक्कम म्हणजे ‘स’, इथवर सारे सरळ आहे. या अक्षरांच्या पायथ्याशी बिचाऱ्या ‘न’ला एका काटकोनात कोंबून लिहितात. ही चिन्हपद्धती १८९८ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली. पुढे कधी कोणाला हा काटकोन संगणकावर टंकित करावा लागेल, हे तिथे जमलेल्या सद्गृहस्थांच्या ध्यानात आले नाही. आणि भविष्याचा अंदाज बांधणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

तर प्रश्न असा होता: १ भागिले अ = १ भागिले स + द, हे सिद्ध करा. ‘द’ म्हणजे व्याजदर. पुस्तकात खाली ‘हे सहज दाखवता येते’ असे छापून लेखक पुढच्या प्रकरणात निघून गेले होते.

मी डाव्या बाजूने निघालो. भूमिती श्रेढी उलगडली, छेदाचा छेद अंशात नेला, कंस सोडवले, आणि पानभर प्रवास करून पुन्हा डाव्याच बाजूला येऊन पोहोचलो. मग दोन्ही बाजूंना एकदमच हात घातला, तेव्हा १ = १ असे निष्पन्न झाले. त्याच्या खरेपणाबद्दल वाद नव्हता, पण त्याला गुण कोणी दिले नसते.

अखेर सुटका झाली ती उजव्या बाजूने. (१ + द) चा न-वा घात ‘घ’ मानला, की स म्हणजे (घ − १) भागिले द आणि अ म्हणजे (१ − १/घ) भागिले द. मग उजवी बाजू द/(घ − १) + द, म्हणजेच द × घ/(घ − १). आता अंश आणि छेद दोन्हींना घ ने भागले, की उरते द/(१ − १/घ), आणि हेच १ भागिले अ. दोन ओळींचे काम! ‘सहज’ लिहिणाऱ्या लेखकांचा राग येतो तो यासाठीच, की शेवटी ते खरे ठरतात.

एवढ्यात पतपेढीतून निवृत्त झालेले बाबा वहीत डोकावले. “यात सिद्ध काय करायचं?” ते म्हणाले. “लाखाचं कर्ज, दहा टक्के, दोन वर्षं. समान हप्ता किती?”

मी गणकयंत्रावर काढले: ५७,६१९ रुपये.

“आता हप्ता नकोच. दर वर्षी नुसतं दहा हजार व्याज भर, आणि शेवटी एकरकमी लाख द्यायला बाजूला पैसे साठव. त्यावरही दहाच टक्के. वर्षाला किती टाकशील?”

पहिल्या वर्षअखेरच्या रुपयाचे शेवटी १.१ होतात, दुसऱ्याचा एकच, म्हणून स झाला २.१. लाख भागिले २.१, म्हणजे ४७,६१९. वर व्याजाचे दहा हजार. बेरीज पुन्हा ५७,६१९! कर्ज हप्त्याने फेडा किंवा निधी साठवून फेडा, खिशातून वर्षाला तेवढेच जाते, एवढेच ते समीकरण सांगत होते. आणि मी मात्र त्याला काटकोनांत शोधत होतो. परीक्षकांना हे स्पष्टीकरण पुरणार नाही, त्यांना घ लागेलच, पण माझा विश्वास बसला तो त्या ४७,६१९ वर.

बाबा मात्र अजून वहीकडे पाहत होते. “म्हणजे कर्जाचा आणि ठेवीचा दर एकच धरलाय तुम्ही लोकांनी?”

“हो, धरावाच लागतो. नाहीतर दोन्ही बाजू जुळत नाहीत.”

“अशी बँक सापडली की सांग,” बाबा उठत म्हणाले, “माझी एफडी तिथे हलवतो.”