उंदराला चाललं म्हणून आपल्याला चालेल का? (मिथेनॉलच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. तुम्ही या लाईनमध्ये माझ्यापेक्षा सीनियर आहात हे लिहिण्यावरून कळतंच आहे, त्यामुळे काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी वरची कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की एमआयडीसीतल्या छोट्या युनिट्समध्ये मिथेनॉलला "साधं सॉल्व्हंट" म्हणून वागवतात, ड्रमवर ज्वाळेचं चित्र असलं तर असतं पण कवटी कुठेच नसते, आणि हे चूक आहे. त्यावर सरांचं म्हणणं असं, की उंदराचा तोंडावाटेचा एलडी५० (ज्या डोसला निम्मे उंदीर मरतात तो) किलोमागे ५६२८ मिलीग्रॅम आहे, म्हणजे नियमाने ते विषारीमध्ये बसतच नाही. एनएफपीएच्या (अमेरिकेतली आगीच्या सुरक्षेची संस्था) निळ्या, म्हणजे आरोग्याच्या धोक्याच्या, चौकोनात त्याला फक्त १ आहे. दोन सप्लायरचे एसडीएस (मालाबरोबर येणारी सुरक्षेच्या माहितीची पत्रकं) एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे हे सगळं वर्गीकरण कन्सल्टंट लोकांचा धंदा आहे. भारतात जीएचएस (रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलांची संयुक्त राष्ट्रांची पद्धत) बंधनकारक आहे हे मी लिहिलं ते साफ चूक आहे. आणि तीस वर्षं मिथेनॉलने हात धुतले, अजून पेपर बिनचष्म्याचा वाचतो, तेव्हा उगाच पोरांना घाबरवू नका.

जीएचएसचं आधी मिटवून टाकतो कारण तिथे तुमचं बरोबर आहे. चूक माझीच. आपल्याकडे कायद्याने जे लागू आहेत ते १९८९ चे घातक रसायनांचे नियम, ज्यांना आपण सगळे एमएसआयएचसी म्हणतो, भोपाळनंतर आले ते. लेबल आणि एसडीएस द्यायला तेही सांगतात, पण त्यांचे निकष वेगळे आहेत. जीएचएसप्रमाणे एसडीएस बनवणं हे आपल्याकडे एक्स्पोर्टवाल्या पार्ट्यांमुळे आणि मोठ्या सप्लायर्समुळे रुळलं, कायद्यामुळे नाही. मूळ पोस्टमधली ती ओळ मी काल बदलली आणि खाली तशी नोंदही टाकली.

आता उंदीर.

आकडा बरोबर आहे तुमचा. बऱ्याच एसडीएसच्या सेक्शन ११ मध्ये तोच सापडतो. जीएचएसमध्ये तोंडावाटेच्या विषाचे पाच वर्ग आहेत, पाचवा सगळ्यात सौम्य आणि तो ५००० ला संपतो, म्हणजे ५६२८ हा शेवटच्या खणाच्याही बाहेर पडतो. नुसता हा आकडा धरला तर मिथेनॉल बिनविषारी ठरतं आणि तुमचं गणित शंभर टक्के बरोबर निघतं. आता हेच गणित जरा माणसावर करून बघा. साठ किलोचा माणूस धरला तर उंदराच्या हिशोबाने त्याला साधारण ३३८ ग्रॅम, म्हणजे सव्वाचारशे मिलीच्या वर मिथेनॉल लागेल. जवळपास अर्धी बिसलेरी. आणि प्रत्यक्षात माणसं किती पिऊन गेली आहेत? तीस मिलीच्या आसपास पिऊन मेल्याच्या नोंदी आहेत, आणि त्याहून कमीत, दहाएक मिलीत डोळे गेल्याच्या. दहा मिली म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण, सर.

हा फरक का पडतो ते खरं इंटरेस्टिंग आहे आणि मागच्या वेळी मी ते लिहायला हवं होतं. मिथेनॉल स्वतः फारसं काही करत नाही, थोडी नशा देतं एवढंच. लिव्हर त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक ॲसिड, आणि खरा घोळ फॉर्मिक ॲसिड घालतं, पेशींचं श्वसनच अडवतं, त्यात डोळ्यामागची नस फार लवकर सापडते. उंदराच्या लिव्हरमध्ये फोलेट (एक बी व्हिटॅमिन) भरपूर, त्यामुळे तो हे फॉर्मिक ॲसिड पटापट जाळून मोकळा होतो. माणूस आणि माकड या बाबतीत ढ. आपल्यात ते साठत जातं आणि रक्त आंबट होत जातं. म्हणून तर या पेशंटला डॉक्टर फोलिनिक ॲसिड (फोलेटचंच एक रूप) देतात, आणि फोमेपिझोल नावाचं औषध नाहीतर चक्क इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल देतात, म्हणजे लिव्हरमधलं ते एन्झाइम अडून राहावं आणि मिथेनॉलचं रूपांतर थांबावं. थोडक्यात काय, उंदराने पेपर सोडवला तो त्याच्या सिलॅबसचा, आपला निकाल त्यावरून कसा लावणार?

आणि हे वर्गीकरण करणाऱ्यांना कळलं नव्हतं असं नाही, उलट त्यांनी ते स्पष्ट लिहून ठेवलंय. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत मिथेनॉल म्हणजे यूएन १२३०. मुख्य क्लास ३, म्हणजे ज्वलनशील द्रव, आणि दुय्यम धोका ६.१, म्हणजे विष. त्या ओळीसमोर एक स्पेशल प्रोव्हिजन नंबर आहे, २७९. तो उघडून वाचा एकदा. त्याचा अर्थ असा की या पदार्थाला हा वर्ग निकषांच्या काटेकोर वापराने नाही तर माणसांच्या अनुभवावरून दिलेला आहे. म्हणजे तुम्ही जो आक्षेप घेतलाय तो त्यांना आधीच माहीत होता. निकषाने बसत नाही हे मान्य करूनच त्यांनी कवटी लावली. युरोपातही तेच, तोंडावाटे, कातडीवाटे, श्वासावाटे तिन्हीकडे कॅटेगरी ३, आणि वर एच३७०, म्हणजे एकाच वेळच्या संपर्काने अवयवांना इजा.

इथे तुम्ही मला एका ठिकाणी पकडू शकता, म्हणून आधीच सांगतो. तीस मिली म्हणजे साठ किलोच्या माणसाला किलोमागे चारशेच्या आसपास मिलीग्रॅम, आणि कॅटेगरी ३ ची हद्द ३०० ला संपते. मग ३ का, ४ का नाही? घाला वाद, मी पण घालीन, पण एच३७० वर वाद नाही. डोळे जाणं हे एलडी५० मध्ये मोजलंच जात नाही, तिथे फक्त मेला की जगला एवढंच बघतात.

"माणसांचा अनुभव" हा शब्द कागदावर फार सभ्य वाटतो. आपल्या मुंबईतला अनुभव म्हणजे जून २०१५, मालाडची मालवणी. शंभरावर माणसं गेली, दारूत मिथेनॉल होतं. २०२२ च्या जुलैमध्ये गुजरातेत बोटादकडे पुन्हा तेच, चाळिसाच्या वर. असल्या प्रकारात लोक रात्री पितात, झोपतात, सकाळी उठून म्हणतात डोळ्यापुढे धुकं आहे, हँगओव्हर समजून पडून राहतात, आणि बारा ते चोवीस तासांची ती मधली वेळ हातातून निघून जाते. मालवणीत कोणी एसडीएस वाचला नव्हता हे मला कळतं, तिथे लेबल लावून काही होणार नव्हतं. पण ते मिथेनॉल कुठल्यातरी ड्रममधूनच आलं होतं ना, आणि आपल्या लाईनमधल्या माणसाने त्याला "साधं सॉल्व्हंट" म्हणणं मला तेव्हापासून सहन होत नाही. असो.

निळा १. एनएफपीए ७०४ चा तो चौकोन अमेरिकेत फायर ब्रिगेडसाठी केलेला आहे. आग लागलीय, बंब गेटवर उभा आहे, आत शिरणाऱ्याने काय घालून शिरावं हे दुरून कळायला हवं, एवढंच त्याचं काम. बंबवाला मिथेनॉल पिणार नाहीये आणि रोज आठ तास त्यात हातही घालणार नाहीये. तोच आकडा वाचून आपण हेल्परला ग्लोव्ह नाकारतो हा आपला दोष. त्यात आकड्यांची दिशाही उलटी: एनएफपीएत ४ सगळ्यात वाईट, जीएचएसमध्ये १ सगळ्यात वाईट. एकाच ड्रमवर एनएफपीएच्या लाल, म्हणजे आगीच्या, खणात ३ असतं, वाहतुकीच्या शंकरपाळ्यात ३ असतं आणि एसडीएसमध्ये विषाची कॅटेगरी ३ असते. पहिला ३ म्हणजे चारपैकी तीन मार्क, दुसरा ३ म्हणजे नुसतं वर्गाचं नाव, तिसरा ३ म्हणजे वरून तिसरा नंबर. आणि ज्वलनशीलतेची जीएचएस कॅटेगरी मात्र २, कारण फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेटण्याइतकी होते तो) २३ अंशांच्या खाली आहे पण उकळणं ६४.७ ला, ३५ च्या वर. मी ट्रेनिंगला हे फळ्यावर लिहितो तेव्हा पोरं हसतात, आणि बरोबरच हसतात.

एसडीएस जुळत नाहीत हेही खरं आहे. एकाच मिथेनॉलला निळ्यात कुठे १ कुठे २ मीसुद्धा पाहिलाय. कोणी बंद कपाचा फ्लॅश पॉइंट लिहितो, कोणी उघड्या कपाचा, कोणी दुसऱ्याचा एसडीएस कॉपी मारून लोगो बदलतो (हे तर फारच). जीएचएस हा काही एकसंध कायदा नाही, प्रत्येक देश त्यातले तुकडे उचलतो, तो पाचवा वर्गच युरोपने घेतलेला नाही. पण सर, दोन लॅबच्या रिपोर्टमध्ये शुगर वेगवेगळी आली तर आपण तिसऱ्या लॅबमध्ये जातो, डायबिटीस हा लॅबवाल्यांचा धंदा आहे असं म्हणून घरी पेढे वाटत नाही.

बरं, विषाचं राहू दे बाजूला, जे तुम्हीही मान्य करता त्या आगीबद्दल बोलू. मी शिफ्ट केमिस्ट होतो तेव्हाची गोष्ट आहे, कंपनीचं नाव नको. स्टोअरच्या मागे रिकाम्या ड्रमची रांग, त्यातल्या एकावर लेबल अर्धं खरवडलेलं, ज्वाळेच्या चित्राचं फक्त खालचं टोक उरलेलं, आणि वर मार्करने "खाली" (म्हणजे रिकामा) असं लिहिलेलं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला पाणी साठवायला ड्रम हवा होता, त्याने गॅस कटर आणला आणि झाकण कापायला घेतलं. आम्ही आत चहा पीत होतो. आवाज असा आला की मला वाटलं रिॲक्टर गेला. बाहेर येऊन बघतो तर झाकण उडून शेडच्या पत्र्याला पोचा पाडून पलीकडे पडलेलं, आणि तो माणूस जमिनीवर बसलेला, भुवया नाहीत, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. वाचला तो. ड्रमच्या तळाशी नंतर बघितलं तर फार तर ग्लासभर मिथेनॉल असेल.

आता हे का होतं बघा. मिथेनॉलची वाफ हवेत ६ ते ३६ टक्के असली की पेटते. बंद ड्रममध्ये २० अंशाला वाफ आपोआप बारा-तेरा टक्क्यांवर जाते, ३० अंशाला वीस-एकवीसच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यातली सकाळ असो की मे महिन्यातली दुपार, "रिकामा" ड्रम बहुतेक वेळा बरोबर पेटायच्या मापात भरलेला असतो. पेट्रोलची वरची हद्द साडेसातच्या आसपास, त्यामुळे बंद पेट्रोल टाकीत वाफ बहुधा इतकी दाट असते की आत ठिणगी पडली तरी पेटत नाही. मिथेनॉल हा मोठेपणा दाखवत नाही. लेबलवर दोघांनाही तेच ज्वाळेचं चित्र, हा फरक कुठल्याच खणात लिहिलेला नाही. म्हणजे वर्गीकरण अपुरं आहे हे मी मान्यच करतो, पण तुम्ही म्हणता त्याच्या उलट्या बाजूने अपुरं आहे.

ज्वाळेचंही तसंच. मिथेनॉल जळताना फिकट निळं जळतं, उन्हात दिसतच नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० रेसमध्ये पिटमध्ये रिक मिअर्सच्या गाडीवर मिथेनॉल सांडून पेटलं, तर माणसं हात झटकत सैरावैरा पळतायत आणि आग कुठे आहे ते कोणालाच दिसत नाहीये. आणि आग विझवायचा साधा फोम त्यावर टिकत नाही, मोडून जातो, अल्कोहोलला टिकणाराच लागतो. तुमच्या स्टोअरबाहेर कुठला ठेवलाय?

राहिलं हात धुणं. तुम्हाला तीस वर्षांत काही झालं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, थोडंथोडं असेल तर शरीर निस्तरतं, फळांच्या रसातूनही चिमूटभर मिथेनॉल पोटात जातंच. पण तुम्ही जोखमीबद्दल बोलताय आणि मी लिहीत होतो धोक्याबद्दल. मराठीत आपण दोन्हीला धोकाच म्हणतो आणि निम्मं भांडण तिथेच होतं. सीलबंद ड्रममधलं मिथेनॉल आणि पाईप तोंडाने ओढून काढलेलं मिथेनॉल, वर्गीकरण दोघांचं एकच. ते पदार्थाचं असतं, तुमच्या हाताचं नसतं. किती, किती वेळ, कुठून, हा हिशोब त्यानंतरचा, आणि तो प्लांटवर बसून आपणच करायचा. पाणी जास्त प्यायल्याने माणूस मरतो हेही खरंच, फक्त त्यासाठी किती लिटर लागतं ते लिहा आणि शेजारी दहा मिली लिहा.

पोरांना घाबरवायचा माझा हेतू नव्हता. कवटी बघून कोणी काम सोडून पळत नाही हो, फार तर पाईप तोंडात धरायच्या आधी हातपंप शोधेल.

एक विनंती आहे. ते न जुळणारे दोन एसडीएस तुमच्याकडे असतील तर सेक्शन २, ११ आणि १४ ची पानं मला पाठवा, सप्लायरचं नाव झाकून. सेक्शन १४ मध्ये, म्हणजे वाहतुकीच्या भागात, दोघांनी ६.१ लिहिलंय का ते मला बघायचंय. माझा अंदाज आहे की एकाने तरी खाऊन टाकलेलं असणार.