पाठीत गोळी, हात स्वच्छ, म्हणजे चकमक बनावट?

पोलिस गोळीबाराची बातमी आली की हा हिशेब फिरू लागतो: “गोळी पाठीत, हातावर बारूद नाही, सीसीटीव्ही समोर आहे. चकमक खोटी ठरवायला आणखी काय हवं?” बरंच काही हवं. खरी ठरवायलाही तेवढंच.

पाठीतली गोळी: माणूस सेकंदाच्या आत वळतो, त्यामुळे नुसत्या जखमेच्या जागेवरून निकाल लागत नाही. अंतर मात्र कळू शकतं. पिस्तुलाची काजळी साधारण फूटभर, बारूदीचे ठिपके दोन-तीन फुटांपर्यंत. त्यापलीकडे दोन मीटर काय नि वीस मीटर काय, जखम सारखीच. शिवाय हे सगळं शर्टावरच अडकतं, म्हणून कपड्यांशिवाय पोस्टमॉर्टेम अहवाल अर्धवट. आणि नेमके कपडेच गोळीच्या भोकातून कापले जातात, ओलेच प्लास्टिकमध्ये कोंबले जातात, बुरशी धरते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवले, तर तेच हत्यार नि त्याच लॉटची काडतुसं चाचणीत झाडून अंतर ताडून पाहता येतं.

हातावरची बारूद: शिसं, बेरियम, अँटिमनीचे कण धुतले की जातात. उलट पोलिसांच्या गाडीतूनही लागू शकतात. मृताचे हात कागदी पिशवीत बांधले नसतील, किंवा आधी शाईचे ठसे घेतले असतील, तर ‘आढळले नाहीत’ या शेऱ्याला फारशी किंमत नाही.

सीसीटीव्ही: व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत दाबून लहान केलेली (कॉम्प्रेस) असते, फ्रेम गळालेल्या असू शकतात. डीव्हीआरमधली (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली) मूळ फाइल हॅश, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, काढून घ्यावी, त्या यंत्राचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते तिथेच पंचनाम्यात लिहावं. आवाजाचं गणित तर बहुतेक जण विसरतातच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १०० मीटरवरच्या मोबाइलमध्ये गोळीचा आवाज ०.२९ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रणात सात फ्रेम. हात वर केले ते गोळीआधी की नंतर, याचं उत्तर तेवढ्यात उलटतं.

हा वेळपट पक्का झाला की शवागारातला गोळीचा कोन त्यावर बसवायचा. टेबलावर देह सरळ असतो, रस्त्यावर वाकलेला असेल. त्या क्षणाच्या फ्रेममधल्या पवित्र्यात कोन बसत नसेल, तर कुठलीतरी नोंद चुकली आहे. शोधायचं ते तिथेच. हत्याराचा क्रमही ठरलेला: आधी डीएनए स्वॅब, मग ठसे, चाचणी-गोळीबार शेवटी.

“पण तपास करणारेही पोलिसच!” मुंबईतल्या १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकींवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १६ निर्देश दिले: तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलिस ठाण्याकडे, शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून आणि चित्रीकरणासह, हत्यारं बॅलिस्टिक (गोळी-बंदुकीच्या) तपासणीला. डॉक्टर, बॅलिस्टिक तज्ज्ञ आणि व्हिडिओ तपासणाऱ्याने एकत्र बसून घटनाक्रम उभा करावा, असं मात्र त्यांत कुठेच नाही.