गोल्फमध्ये ताकद फक्त डाव्या हाताची? खुलासा

‘उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या स्विंगमध्ये (काठी फिरवून चेंडू मारण्यात) सगळी ताकद डाव्या हाताची, उजवा नुसता सोबतीला’ असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे, आणि नवशिके त्यापायी उजवा हात अगदी ढिला सोडतात, म्हणून लिहितोय.

मुळात जोर पाय, कंबर आणि धडाच्या पिळातून येतो. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, खाली येताना धड वळतं आणि छातीला बिलगलेला डावा हात ओढला जातो. तो क्लबच्या फिरण्याच्या वर्तुळाची त्रिज्या राखतो. उजव्याचं काम वेगळं. वर नेताना त्याचं कोपर दुमडतं, खाली येताना बरगडीजवळून सरकत सरळ होत जातं आणि तळवा दांड्याला मागून ढकलतो. हा धक्का खरा आहे, फक्त त्याची वेळ उशिराची. वरूनच उजव्याने रेटा दिला तर मनगटाचा कोन (हात आणि क्लब यांच्यातला) आधीच सुटतो आणि वेग चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. माझ्या मते ‘उजवा वापरू नका’ हा सल्ला या चुकीवरूनच आला असावा.

अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेलसन एरवी उजखोरा, पण गोल्फ डावरा खेळतो. जोरकस उजवा हात पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, ठेवूनही त्याने 6 मेजर (गोल्फमधल्या सर्वात मोठ्या) स्पर्धा जिंकल्या.