घाटात वेग नाही, भीती मारते म्हणे!

गेल्या पावसाळ्यापासून एक लांबलचक मजकूर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो भाच्यानं टाकला, दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर आला, आणि गणपतीला चिपळूणला गेलो तर टपरीवर एकजण तोच मोठ्यानं वाचून दाखवत होता. मथळा : ‘घाटात वेग नाही, भीती मारते’. आत जे म्हटलंय ते थोडक्यात असं. घाटातले अपघात हळू चालवणाऱ्या घाबरटांमुळे होतात. आताच्या गाड्यांना एबीएस, ईएसपी अशा ब्रेक आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणा असतात, त्या रस्ता सोडत नाहीत. रेसवाले वळण कापतात तसं कापलं की वेग कमी करावाच लागत नाही, आणि रात्री तर समोरच्याचा लाइट आधीच दिसतो. उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं. एसटीवाले आयुष्यभर हेच करत आले. आणि या सगळ्यातून अर्धा तास वाचतो.

भाच्याला तेव्हा ‘फोनवर बोलू’ एवढंच लिहिलं होतं. फोन काही झाला नाही.

घाबरटांपासून सुरुवात करू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. ऐन वळणात कचकन ब्रेक मारणारा, मागे दहा गाड्यांची रांग लागली तरी बाजू न देणारा, फोटोसाठी वळणावरच गाडी उभी करणारा, हे सगळे त्रासदायकच. पण त्यांच्यामुळे वैताग येतो आणि अपघात होतो तो त्या वैतागात आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणाऱ्यामुळे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशभरातले 1,68,491 मृत्यू नोंदलेत. त्यातले सुमारे 71 टक्के अतिवेगाच्या रकान्यात आहेत. हा आकडा सगळ्या रस्त्यांचा आहे, फक्त घाटांचा नाही. शिवाय पंचनाम्यात दुसरं कारण सुचलं नाही की अतिवेग लिहून मोकळं होतात, असा माझा संशय आहे. तो वजा केला तरी ‘अतिसावकाश’ असा रकाना भरायची वेळ कुणावर आलेली नाही.

आता गाडी रस्ता सोडत नाही, या दाव्याकडे. वळणावर गाडीला आत धरून ठेवतं ते टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. दुसरं काही नाही. बाहेर फेकली जाण्याची ओढ वेगाच्या वर्गानं वाढते : वेग दीडपट केला की ओढ सव्वादोनपट. तीस मीटर त्रिज्येचं वळण घ्या, आपल्या घाटांत अशी पावलोपावली आहेत. ताशी 40 नं गेलात तर गाडीच्या वजनाच्या सुमारे 42 टक्के इतकी पकड लागते. कोरडा रस्ता, बरे टायर, हे जमतं. 60 नं गेलात तर 94 टक्के लागते. साध्या टायरला कोरड्या डांबरावर सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास पकड मिळते, ओल्यावर त्याहून बरीच कमी. म्हणजे 60 ला ते वळण तुम्ही घेत नाही. गाडी सरळ जाते आणि रस्ता तेवढा वळतो.

यात हात साफ असणं, दहा वर्षांचा अनुभव, काळीज घट्ट असणं, यातलं काहीही गणितात येत नाही. गाडीचं वजनसुद्धा दोन्ही बाजूंनी कटतं. भारी गाडी रस्त्याला चिकटून चालते, ही समजूत इथेच निकालात निघते. उलट उंच आणि भरलेली गाडी घसरण्याआधी कलंडते. माल भरलेला उंच ट्रक तर साधारण त्या 40 टक्क्यांच्या आसपासच आतली चाकं उचलायला लागतो. टपावर कॅरिअर, त्यावर ताडपत्रीत बांधलेलं सामान आणि आत आठ माणसं अशी गाडी त्याच दिशेनं सरकलेली असते.

रस्ता बांधणाऱ्यांना हे ठाऊक असतं. भारतीय रस्ते महासभेच्या मानकांत डोंगरी रस्त्यावरच्या उलट्या फिरणाऱ्या वळणाचा, ज्याला आपण यू वळण म्हणतो, किमान आराखडा-वेग, म्हणजे वळण आखताना गृहीत धरलेला वेग, ताशी 20 किलोमीटर धरलाय, आणि आतली त्रिज्या निदान 14 मीटर. ‘वीसची पाटी काय लावलीय, इथून मी चाळीसनं जातो,’ असं म्हणणारे भेटतात. जातात खरे. 15 मीटर त्रिज्येला 40 च्या वेगानं 84 टक्के पकड लागते. म्हणजे तो रोज काठावरून जातोय. त्या जागी एक दिवस कुणाच्या ट्रकमधून सांडलेलं डिझेल असेल, किंवा पावसानं वरून वाहून आणलेली मुरमाची पसरी.

एबीएस आणि ईएसपी उत्तम गोष्टी आहेत, माझ्या गाडीत दोन्ही आहेत. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक मारत असतानाही गाडी वळवता येते. ईएसपी एखादंच चाक ब्रेक करून गाडीचं तोंड सरळ ठेवायला बघतं. दोन्ही मिळून आहे ती पकड नीट वाटून देतात; नवी पकड तयार करत नाहीत. सुट्या खडीवर तर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढूही शकतं. आणि टायर गोटा झालेला असेल तर वाटून द्यायलाच फारसं नसतं. माझ्या पाहण्यात ईएसपीवर भाषण देणारे बरेच जण टायर बदलायची वेळ आली की ‘अजून एक पावसाळा काढेल’ म्हणतात.

वळण कापण्याचं पाहू. बाहेरून आत, आत टेकून पुन्हा बाहेर, अशी रेघ घेतली की वळणाची त्रिज्या मोठी होते, हे खरंच आहे. पण त्यासाठी रस्त्याची पूर्ण रुंदी लागते, आणि त्यातली अर्धी समोरून येणाऱ्याची असते. अमेरिकेत पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर 1916 पासून चढाईची शर्यत होते. जवळपास 20 किलोमीटर, 156 वळणं. तेव्हा रस्ता सामान्य वाहतुकीला बंद असतो. कुंभार्ली घाट तुमच्यासाठी कुणी बंद केलेला नाही.

इथे लांब गाडीचीही अडचण समजून घ्यायला हवी. बसची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. त्यामुळे यू वळणावर चालकाला बसचं तोंड तुमच्या बाजूला आणावंच लागतं, नाहीतर मागचं चाक गटारात. तो चुकत नसतो. वळणामागे बस तुमच्या अर्ध्या रस्त्यात असणार असं धरूनच वळणात शिरायचं असतं, आणि त्यासाठी थांबायला जागा लागते. मानकांनुसार हे अंतर ताशी 30 ला 30 मीटर, 40 ला 45 आणि 60 ला 80 मीटर धरतात, चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ मोजून. डोंगराच्या कडेला वळणात पुढचं किती दिसतं ते एकदा शांतपणे बघा. वीस-पंचवीस मीटर दिसले तरी पुष्कळ. पावसाळ्यात आंबोलीत धुकं उतरलं की बॉनेट दिसलं तरी नशीब.

रात्रीच्या लाइटचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. समोरून येणाऱ्या मोटारीचा उजेड दिसतो, कबूल. बंद पडून उभा असलेला बिनदिव्याचा ट्रक, रस्त्यात बसलेली गुरं, पायी चाललेला माणूस, दरडीतून सुटलेला धोंडा, यांना लाइट नसतो. आणि तुमचा स्वतःचा दिवा गाडीच्या नाकासमोर पडतो, वळणाच्या पुढे नाही. डोंगर डाव्या हाताला असेल आणि रस्ता डावीकडे वळत असेल तर तुमचा सगळा उजेड दरीत जातो.

न्यूट्रलवर जरा सविस्तर लिहितो, कारण हे फॉरवर्डच्या आधीपासून चालत आलंय आणि चांगली शहाणी माणसंही करतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ठरावीक फेऱ्यांच्या वर इंधनाचा फवारा बंद होतो. उतार इंजिन फिरवत असतो. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावं लागतं आणि त्यासाठी पेट्रोल जळतं. म्हणजे वाचवायला म्हणून जे करतो त्यानंच थोडं जास्त जातं. इंजिनच बंद केलं तर पेट्रोल वाचतं खरं, पण पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, आणि कोणी किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक. ट्रकच्या हवेच्या ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानं अनेक वाहनांना धडक दिली. सुमारे 48 वाहनांचं नुकसान झालं. आधी ब्रेक फेल अशीच बातमी होती. मग प्राथमिक तपासात चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं.

‘ब्रेक फेल’ या शब्दावरच माझा राग आहे. जणू ब्रेकला मध्येच काही सुचलं आणि त्यानं राजीनामा दिला. बोरघाटासारखी पाचशे मीटरची उतरण आणि दीड टनाची मोटार धरा. न्यूट्रलमध्ये ही सगळी उंची ब्रेकनंच पचवायची (हवेचा विरोध वगैरे थोडं सोडून देऊ). ताशी 60 वरून पूर्ण थांबणं असं पस्तीस वेळा लागोपाठ केल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी त्या उतरणीत लायनर आणि डिस्कमध्ये जाते. लायनर तापून गुळगुळीत होतात, वास सुटतो, पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 दर्जाचं नवं तेल 205 अंशांच्या आत उकळू नये अशी अट असते, ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच अट 140 वर येते. तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पाय थेट जमिनीला टेकतो. यातली प्रत्येक पायरी चालकानं आपल्या पायानं चढलेली असते.

गिअर पाडून उतरलं की यातली बरीच ताकद इंजिन खातं. जुना नियम आहे, ज्या गिअरवर चढवाल त्याच गिअरवर उतरवा. नव्या मोटारी तिसऱ्यावरही चढतात, तेव्हा उतरताना एक खाली घ्यावा असं मी धरतो. महत्त्वाचं म्हणजे गिअर उतार लागण्याआधी पाडायचा. वेग आल्यावर क्लच दाबून चाचपडत बसायचं नाही.

रेल्वेनं याबाबत चालकाच्या हातगुणावर कधीच विसंबून काम केलं नाही. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला, चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. उतरणाऱ्या गाडीसाठी तिथे कॅच सायडिंग ठेवलेत : रूळ बदलणारा सांधा मुळातच चढावर जाणाऱ्या आंधळ्या फाट्याकडे लावलेला असतो, गाडी आधी थांबून दाखवते, मगच तिला खालची वाट मिळते. थांबता आलं नाही तर ती फाट्यावर चढून अडकते. थांबता येतंय हे सिद्ध करा, मग उतरा. त्याच घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं, अशी आख्यायिका. नाणं टाकायला ड्रायव्हर तिथे वेग कमी करतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानं बघावा, ब्रेकची परीक्षा आपोआप होते एवढं मात्र खरं.

राहिले एसटीवाले. त्यांच्या नावावर हे खपवणं मला खटकलं. आमच्या शेजारी एक निवृत्त चालक राहतात. घाट सुरू व्हायच्या आधी सपाटीवर एकदा ब्रेक दाबून बघणं, वळणाआधी हॉर्न, अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे सगळं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. त्यांची बस घाटात पळतेय असं वाटायचं ते खडखडाटामुळे. काटा तिशीच्या आसपास असायचा, काटा चालू असेल त्या दिवशी.

आणि तो अर्धा तास. दहा किलोमीटरचा घाट धरू. ताशी 30 नं वीस मिनिटं लागतात, 45 नं तेरा मिनिटं वीस सेकंद. वाचली पावणेसात मिनिटंही नाहीत. वीस मिनिटांच्या वाटेवर अर्धा तास वाचवायचा तर निघायच्या दहा मिनिटं आधी पोहोचावं लागेल.

मागच्या दिवाळीत भाच्याच्याच गाडीतून कुंभार्ली उतरलो. तो मजकुराबरहुकूम चालवत होता. मागच्या सीटवर त्याची आई, म्हणजे माझी बहीण, हेळवाकपासून आलेपाक चघळत गप्प बसलेली. गाडी लागणारं माणूस मागे असेल तर वेगळा काटा लागत नाही. वळणावरची ओढ त्याच्या पोटात आधी कळते. पोफळी येईपर्यंत दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा पायपुसणं धुवायला पाणी पुरेना, तेव्हा भाचा बाटली घेऊन झऱ्यावर गेला, आणि मी घड्याळात बघितलं. बावीस मिनिटं.