मीटर डिजिटल आहे, मग घ्या डोळे मिटून!

‘जुनी गाडी घेताय? मेकॅनिकवर पैसे घालवू नका, हे पाच मुद्दे पाहा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. मलाही दोनदा आला, दोनदा डिलीट केला. पण परवा भाच्याचा फोन आला. “मामा, गाडी पसंत पडली. एकतीस हजारच चाललीय. मीटर डिजिटल आहे ना, म्हणजे फिरवता येत नाही. उद्या टोकन देतो.” शब्द न् शब्द त्याच मेसेजमधला. म्हटलं, थांब, मी येतो.

तर पहिला मुद्दा: ‘डिजिटल मीटर फिरवता येत नाही, त्यामुळे किलोमीटर कमी म्हणजे गाडी उत्तम.’ बाकीच्या बहुतेक मुद्द्यांनी फार तर थोडेफार पैसे जातील. ह्याने अख्खी गाडी गळ्यात पडते.

फिरवता येतो. आकडे छापलेल्या चाकांच्या जुन्या मीटरला निदान पॅनेल उघडावं लागायचं. आता बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालच्या डायग्नॉस्टिक पोर्टला, म्हणजे बिघाड तपासायचं यंत्र जिथे जोडतात त्या खाचेला, यंत्र जोडलं की काम होतं. मीटर बिघडून नवा बसवला तर त्यात खरा आकडा भरावा लागतो, त्यासाठीची ही सोय. खरा आकडा भरता येतो तसा खोटाही भरता येतो, एवढी साधी गोष्ट. अमेरिकेत मीटर मागे फिरवायला १९७२ पासून केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरीही तिथल्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेचा, म्हणजे एनएचटीएसएचा, अंदाज आहे की दरवर्षी ४,५०,००० हून जास्त गाड्या ओडोमीटरच्या, म्हणजे ह्याच किलोमीटर मोजणाऱ्या मीटरच्या, खोट्या आकड्यावर विकल्या जातात. ह्यात डिजिटल मीटरवाल्या नसतात असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल टोकन द्यावं.

भाच्याच्या त्या ‘एकतीस हजार’वालीचं सांगतो. ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात इतकं झिजलं होतं की आतलं लोखंड दिसत होतं. स्टिअरिंगवर डाव्या हाताच्या जागी दाणा पार उडालेला, काचेसारखं गुळगुळीत. चालकाच्या सीटची दाराकडची कड बसून गेलेली. एकतीस हजारांत एवढं होत नाही. मग ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं. आतल्या चौकटीवर ऑइल बदलल्याचा स्टिकर होता, अर्धा खरवडलेला. तारीख गेली होती, आकडा राहिला होता: ७८,४००. विकणारा शांतपणे म्हणाला, “तो दुसऱ्या गाडीचा चिकटला असेल.” स्टिकर काय पायांनी चालत येतो?

आणि समजा आकडा खरा आहे. तरी नुसता कमी आकडा म्हणजे गाडी चांगली असं नाही. दहा वर्षांत जेमतेम चाललेली गाडी म्हणजे बहुतेक काळ उभी असलेली गाडी. रबरी होज कडक होतात, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालावर ठेवणारा पट्टा, असलेल्या इंजिनांत तो किलोमीटरवर तसा वर्षांवरही बदलायचा असतो, आणि तो तुटला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच बसतं. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली, नोंदी असलेली, लाखभर चाललेली गाडी मी आधी घेईन.

दुसरा मुद्दा, ‘एकच मालक असेल तर निर्धास्त राहा.’ ह्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एका हातातल्या गाडीचा इतिहास निदान विचारता येतो. पण तो एक मालक ऑइल न बदलणारा निघाला तर? सर्व्हिसची बिलं मागा. बिलांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे चढत जातायत का तेही बघा, पहिल्या मुद्द्यालाही तेवढाच उपयोग.

तिसरा, ‘इंजिन सुरू करून आवाज ऐका.’ ऐका की, पण थंड इंजिनचा. आपण पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवलेली असते, मग सुरू होतानाची खडखड आणि धूर दोन्ही लपतात. आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर बहुधा इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत शिरतंय, तिथून सरळ घरी या.

चौथा, ‘टायर नवे म्हणजे मालक काळजीवाला.’ टायर काळे कुळकुळीत दिसायला पॉलिश पुरतं. टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते वाचा, विषय संपला.

पाचवा तर कहर आहे. ‘पुरात भिजलेली गाडी निम्म्यात मिळते, वाळवली की नव्यासारखी.’ सीट वाळते हो, वायरिंगचे कनेक्टर आतून गंजत राहतात. सहा महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो आणि नेमकं कुठे बिघडलंय ते कुणालाच सापडत नाही. गाडी पाहायला गेलात तर सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली की समजा. धुणाऱ्याचा हात सहसा तिथवर जात नाही.

राहिला मेकॅनिक. तो गाडी लिफ्टवर घेतो, खालचा गंज आणि वेल्डिंग बघतो, त्याच पोर्टला बिघाड वाचणारा स्कॅनर लावतो. काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो, तो मीटरशी ताडता येतो. विक्रीच्या आदल्या रात्री बिघाडाचे कोड पुसले असतील तर त्याचीही खूण स्कॅनरवर बहुधा दिसते. विकणारा ‘माझ्याच ओळखीच्या मेकॅनिककडे दाखवा’ म्हणाला तर आपला मेकॅनिक आपणच शोधायचा. गाडी हलवूच देत नसेल, तर चावी परत द्यायची.

भाच्याने टोकन दिलं नाही. त्या स्टिकरचा फोटो मी घरच्या ग्रुपवर त्या मेसेजच्या खालीच टाकलाय. मेसेज टाकणाऱ्या काकांनी त्यावर अंगठा दिला, आणि संध्याकाळी तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकला.