फियाट ओरिजिनल पाहिजे, पण कधीची ओरिजिनल?

गेले पंधरा दिवस घरात एकच भांडण चालू आहे, ते आता फॅमिली ग्रुपवर मावंना म्हणून इथं लिहायला बसलोय. आमची पद्मिनी, म्हणजे सगळे जिला फियाट म्हणतात ती जुनी गाडी, १९७५ मॉडेल, तिचं काम काढलंय. पुतण्या म्हणतो काका स्विफ्टचं इंजिन टाकू, स्टिअरिंगवरचा गिअर खाली घेऊ, अलॉय लावू, एक नंबर दिसंल. पुण्याचा एक मित्र म्हणतो एक बोल्ट जरी बाहेरचा लावलास तर पाप लागंल, कंपनीतनं निघाली तशीच पाहिजे. आणि ज्यांची गाडी आहे ते आमचे आप्पा, वय ८२, खुर्चीत बसून म्हणतात, "ओरिजिनल? अरे मी घेतली तवाच तिसऱ्या हाताची होती की ती."

खरंय त्यांचं. परवा पत्रा घासला तर खालनं तीन रंग निघाले. सगळ्यात खाली करडा, त्यावर हिरवा, त्यावर आप्पांनी मारून घेतलेला क्रीम. मित्राच्या हिशोबानं करडा खरा. पण आम्ही चार भावंडं ज्या गाडीत मागं कोंबून सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जायचो ती क्रीम होती, करडी गाडी बघितलेला माणूस आमच्या घरात एक पण नाही. मग करडा कुणासाठी मारायचा? क्रीमच मारणार, विषय संपला.

आता मशीनचं. ही गाडी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, आणि गंमत बघा, १९४४ साली ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद जन्मानं आपल्या सोलापूरचेच, तरी गाडीला सोलापूरचं ऊन सोसत नाही. टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच चिकटून बसलेला, मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की पंप एवढा तापतो की आतल्या आत पेट्रोलची वाफ होते, वाफ काय पंपाला ओढता येत नाही, गाडी फुस्स. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बोनेट उघडून बिडी पेटवायची (ही आप्पांची पद्धत, मी चहा घेतो). तुळजापूरच्या घाटात अख्खं बालपण गेलंय आमचं त्या फडक्यापायी. मी मागं टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून घेतलाय आणि त्याची मला अजिबात लाज नाही.

आणि पेट्रोल तरी कुठं ओरिजिनल राहिलंय? शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं, आता २० टक्के इथेनॉल, ते पण आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असंल. ते जुनं रबर खातं, पाइप चिरतात, पंपातलं डायफ्रॅम (रबरी पडदा) फुगतं. मित्रा, पन्नास वर्षांपूर्वीचा रबरी पाइप जपून ठेवू का गाडीखाली पेट्रोल गळू देऊन?

मित्राचा पुढचा मुद्दा व्हिंटेज नंबरचा. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असंल तर २० हजार भरून व्हीए सिरीज, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा खास नंबर, मिळते. मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच रस्त्यावर काढायची. म्हणजे मंगळवारी देवीला जायचं नाही आणि नवी पेठेतनं सामान आणायचं नाही. राजेरजवाड्यांची एकुलती एक गाडी असंल तर ठीकाय, ती जपलीच पाहिजे, तिथं मी पण मित्राच्याच बाजूनं. पण पद्मिनी ही टॅक्सी होती ओ, मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत भाडं मारत होती. उभी राहिली की सील सुकतात, टाकी गंजते, ब्रेक जाम होतात. मी नंबर घेणार नाही.

एवढं वाचून पुतण्या खूश झाला असणार. थांब लेका.

त्याचं म्हणणं, कंपनीनंच शेवटी शेवटी डिझेल इंजिन दिलं, गिअर पण खाली घेतला, मग आपण केलं तर काय झालं. कंपनीनं ते कारखान्यात केलं बाबा, तू ग्राइंडरनं करणार. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं, गिअरसाठी मधला पत्रा कापला की कंबर गेली. त्यात दुप्पट ताकदीचं इंजिन आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे पळणार स्विफ्टसारखी आणि थांबणार १९७५ सारखी. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, परवानगीशिवाय इंजिन बदललं तर पासिंगला आरटीओत घाम फुटंल.

पण कायदा नसता तरी स्टिअरिंगवरचा गिअर मी काढू दिला नसता. त्या गिअरमुळं पुढं सलग सीट आहे, तिघं बसतात, आप्पा, आई आणि मी. दुसऱ्यावरनं तिसरा टाकताना ती दांडी जी जरा अडते आणि मग सुटते, तेवढ्यासाठी तर मी घरातली दुसरी एसी गाडी सोडून ही काढतो. पंप, पाइप, वायरिंग, सीट बेल्ट काय पाहिजे ते बदला, उद्या कुणाला वाटलं तर परत काढता येतंय, काढलेला माल मी पोत्यात भरून माळ्यावर ठेवलाय. कापाकापी नाही.

पुतण्या दोन दिवस बोलंना झालाय. काल मात्र गुपचूप येऊन पुढचं बंपर घासून गेला.

आता कामाचं. पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचं रबर कुठंच मिळंना, टॅक्स्या होत्या तवर जुन्या बाजारात ढिगानं पडलेलं असायचं. कुणाच्या माळ्यावर जुना माल असंल तर इनबॉक्स करा, डाव्या बाजूचं पाहिजे. आणि इलेक्ट्रिक पंप बसवला तरी डिकीतलं फडकं काढायचं नाही अशी आप्पांची ऑर्डर आहे.