मोसंबीचं लेझर कोल्ड स्टोरेज? जरा थांबा

जालन्यातल्या आमच्या मोसंबीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘इटलीत लेझरच्या थंडीने अणू जागेवर गोठवले, आता लेझरवर चालणारं कोल्ड स्टोरेज येणार.’ प्रयोग खरा आहे, २००८ चा, फ्लॉरेन्सचा. बाकी मीठमसाला.

अणू थंडीने थांबले नव्हते. प्रयोगातला पोटॅशियम अणूंचा विरळ ढग आधीच निरपेक्ष शून्याच्या (ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही) अगदी जवळ होता, आणि लेझरच्या प्रकाशाने विणलेल्या एकसारख्या जाळीत तेवढ्याच थंडीत खुशाल पसरत होता. मग वेगळ्या तरंगलांबीचा दुसरा लेझर त्यावर टाकला. पेरलेल्या तासांवर फणांचं अंतर वेगळं असलेली तिफण चालवून बघा; तासं कुठं जुळतील, कुठं हुकतील. जाळी तशीच विस्कटली. इतक्या थंडीत अणू लाटांसारखे वागतात; विस्कट पुरेशी वाढल्यावर या लाटा एकमेकींना काटू लागल्या आणि ढग जागीच अडकला. (अणूंची आपसातली ढकलाढकली चुंबकीय क्षेत्राने आधीच बंद केलेली, हे मेसेजात कोण लिहिणार!) विस्कटलेल्या जाळीत लाट अशी अडकते, हे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्येच मांडलं होतं.

राहिलं कोल्ड स्टोरेज. हे सगळं निर्वात पात्रातल्या विरळ वायूचं. मोसंबीवर लेझर मारला तर ती तापेल.